एडब्ल्यूएस डेव्हलपर असोसिएट (डीव्हीए-सी०२): दहा आठवड्यांचं वेळापत्रक कसं लावावं?

उंबरठा
डीव्हीए-सी०२ ही ॲमेझॉनच्या क्लाउडची (एडब्ल्यूएस) डेव्हलपर प्रमाणपत्र परीक्षा द्यायची आहे. हातात १० आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त ८ तास. पायथन आणि जावा येतं, गिट रोजच्या वापरातलं. क्लाउड मात्र वरवरचं: एस३ वर फाइल टाकणं, ईसीटूवर सर्व्हर उभा करणं, एवढंच. प्रश्न तीन आहेत.
१. हे ८ तास आठवड्यात कसे वाटावेत?
२. व्हिडिओ, अधिकृत दस्तऐवज, प्रत्यक्ष हाताने करणं आणि सराव परीक्षा यांचं प्रमाण काय असावं?
३. तयारी पुरेशी झाली हे कशावरून ओळखायचं?
"रोज थोडं थोडं करा" याच्या पुढचं उत्तर हवं आहे, म्हणून धागा काढला.

तिसरा_प्रहर
आधी परीक्षेचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवा, कारण वेळापत्रक त्यातूनच निघतं. ६५ प्रश्न, १३० मिनिटं. त्यातले ५० गुणांचे आणि १५ बिनगुणांचे. कुठले बिनगुणांचे ते कळत नाही. गुण १०० ते १००० या पट्टीवर मिळतात, उत्तीर्ण व्हायला ७२० लागतात. ही रूपांतरित पट्टी आहे, त्यामुळे ७२० म्हणजे ७२ टक्के असं गणित मांडू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. विभागवार उत्तीर्ण व्हायची अट नाही, एकूण गुण पाहतात.

चार विभाग आणि त्यांचं वजन असं: सेवा वापरून विकसन ३२ टक्के, सुरक्षा २६, डिप्लॉयमेंट २४, दोषशोध आणि सुधारणा १८.

तुमच्या ८० तासांतले शेवटचे १६ सराव परीक्षांसाठी बाजूला काढा. उरले ६४. ते वजनाप्रमाणे वाटले तर साधारण २०, १७, १५ आणि १२ तास येतात. बहुतेकांचं वेळापत्रक इथेच बिघडतं: लॅम्डा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा) आणि डायनॅमोडीबी (डेटाबेस) आवडतात म्हणून त्यातच ४० तास जातात आणि सुरक्षा 'नंतर बघू' म्हणून आठव्या आठवड्यात ढकलली जाते. २६ टक्के म्हणजे चौथाईहून जास्त पेपर.

क्रम मात्र वजनाने ठरवू नका, अवलंबनाने ठरवा. आयएएम (कोणाला काय करता येईल ते ठरवणारी सेवा) पहिल्या आठवड्यात, कारण पुढची प्रत्येक सेवा रोल आणि पॉलिसीवर अडते.
आठवडा १: आयएएम, एसटीएस (तात्पुरता प्रवेश देणारी सेवा), कमांड लाइन, एसडीके (कोडमधून सेवा वापरायची लायब्ररी) श्रेयपत्रं (क्रेडेन्शियल्स) कुठून कुठल्या क्रमाने शोधतं.
आठवडे २ आणि ३: लॅम्डा, एपीआय गेटवे (बाहेरच्या विनंत्या आत नेणारं दार).
आठवडा ४: डायनॅमोडीबी, फक्त डायनॅमोडीबी.
आठवडा ५: एस३, एसक्यूएस (संदेशांची रांग), एसएनएस (सूचना पाठवणं), इव्हेंटब्रिज (घटना पोचवणं), कायनेसिस (डेटाचा प्रवाह), स्टेप फंक्शन्स (टप्प्याटप्प्याचं काम).
आठवडा ६: केएमएस (एन्क्रिप्शनच्या की), कॉग्निटो (लॉगिन), सीक्रेट्स मॅनेजर (पासवर्डसारखी गुपितं), पॅरामीटर स्टोअर (सेटिंग).
आठवडा ७: क्लाउडफॉर्मेशन (लिहिलेल्या फाइलीवरून सेवा उभ्या करणं), सॅम (त्याचंच लॅम्डासाठीचं सोपं रूप), कोडबिल्ड, कोडडिप्लॉय, कोडपाइपलाइन, बीनस्टॉक.
आठवडा ८: क्लाउडवॉच (लॉग आणि मोजमापं), एक्स-रे (विनंतीचा माग), कॅशिंग.
आठवडे ९ आणि १०: सराव परीक्षा आणि त्यांची चिरफाड.

रोजची मांडणी: सोमवार ते शुक्रवार ५० मिनिटं, शनिवारी सलग ३ तास हाताने काम, रविवारी ५० मिनिटं उजळणी. बरोबर ८ तास होतात. आठवडे २ ते ५ मधलं शनिवारचं काम डिप्लॉयमेंट आणि दोषशोधाच्या तासांत धरा. ५० मिनिटांचेही तीन तुकडे करा. पहिली १० मिनिटं जुनी उजळणीची कार्डं (एका बाजूला प्रश्न, दुसरीकडे उत्तर), मधली ३० नवीन विषय, शेवटची १० मिनिटं सगळं मिटवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. ही शेवटची १० मिनिटं कंटाळा आला की सगळ्यांत आधी गळतात. ती गाळू नका. व्हिडिओ बघताना 'कळलं' असं वाटतं, आणि कागदावर उतरवायला गेलं की लॅम्डाचा एक्झिक्यूशन रोल कुठला आणि रिसोर्स पॉलिसी कुठली यात हात थांबतो. जिथे थांबतो तिथे खूण करा, दुसऱ्या दिवशीची सुरुवात तिथून.

पायवाट
वरच्या वेळापत्रकाशी सहमत. शनिवारच्या ३ तासांबद्दल लिहितो. दर शनिवारी नवी छोटी कसरत करण्यापेक्षा एकच प्रकल्प दहा आठवडे वाढवत न्या. उदाहरण: पावत्यांची नोंद. वापरकर्ता पावतीचा फोटो चढवतो, तो एस३ मध्ये जातो, सूचना एसक्यूएसच्या रांगेत पडते, लॅम्डा ती उचलून डायनॅमोडीबीत नोंद करतं, एपीआय गेटवेतून यादी दिसते. मग कॉग्निटोने लॉगिन, केएमएसने एन्क्रिप्शन, सॅमने डिप्लॉय, एक्स-रेने माग. या एका प्रकल्पात अभ्यासक्रमाचा बराचसा भाग येतो, आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी मोडतं. ते मोडणंच परीक्षेत विचारतात.

काय मोडेल त्याची यादी देतो. शक्य असेल तिथे मुद्दाम मोडून बघा.

एपीआय गेटवे आणि लॅम्डा प्रॉक्सी जोडणी (विनंती आहे तशी लॅम्डाकडे जाते): लॅम्डाने उत्तरात स्टेटस कोड आणि बॉडी ठरलेल्या आकारातच द्यावी लागते, आणि बॉडी स्ट्रिंग असावी लागते. ऑब्जेक्ट तसाच परत केला की ५०२ येतो. एपीआय गेटवेच्या वेळमर्यादेत लॅम्डा संपलं नाही तर ५०४. रिसोर्सचा मार्ग चुकला तर ४०३ आणि 'मिसिंग ऑथेंटिकेशन टोकन' असा संदेश येतो. हा संदेश फसवतो, लोक टोकन शोधत बसतात आणि चूक यूआरएलमध्ये असते. कन्सोलमध्ये मेथड बदलली पण स्टेजवर पुन्हा डिप्लॉय केली नाही तर जुनंच उत्तर येत राहतं. कॉर्सचंही (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला ब्राउझरमधून विनंती करू देणं) तसंच: प्रॉक्सी जोडणीत हेडर लॅम्डाने स्वतः परत करावे लागतात, कन्सोलमधलं कॉर्स चालू करणं तिथे पुरत नाही.

लॅम्डा व्हीपीसीत (आपल्या खाजगी नेटवर्कमध्ये) टाकलं की त्याचं इंटरनेट जातं, सबनेट पब्लिक असलं तरी. बाहेर जायला प्रायव्हेट सबनेट आणि नॅट गेटवे (आतून इंटरनेटवर जायची वाट) लागतं. फक्त एस३ किंवा डायनॅमोडीबी गाठायचं असेल तर गेटवे एंडपॉइंट पुरतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. 'कमी खर्चात' असा शब्द प्रश्नात असला की हाच फरक विचारलेला असतो.

एस३ ची सूचना लॅम्डाला लावली आणि लॅम्डाने लघुचित्र त्याच बकेटमध्ये (एस३ मधल्या फाइलींच्या साठ्यात) लिहिलं तर ते लिखाण पुन्हा सूचना पाठवतं, पुन्हा लॅम्डा, पुन्हा लिखाण. हे मात्र मुद्दाम करून बघू नका. वेगळी बकेट वापरा, निदान सूचनेला प्रीफिक्स लावा.

आणि सुरुवात करण्याआधी बजेटची सूचना लावून ठेवा, ५ डॉलरवर. सरावात बिल वाढतं ते लॅम्डामुळे क्वचितच. लॅम्डाच्या दरमहा १० लाख विनंत्या मोफत असतात. वाढतं ते विसरलेल्या गोष्टींमुळे. नॅट गेटवे उत्तर व्हर्जिनियात तासाला ०.०४५ डॉलर आहे, महिनाभर तसंच राहिलं तर ३२ डॉलर झाले, त्यातून एक बाइट गेला नसला तरी. स्वतः तयार केलेली केएमएस की महिन्याला १ डॉलर, सीक्रेट्स मॅनेजरमधलं प्रत्येक सीक्रेट ०.४० डॉलर. म्हणून सगळं सॅम किंवा क्लाउडफॉर्मेशनमधून उभं करा आणि शनिवार संपताना स्टॅक (असा एकत्र उभा केलेला संच) पाडा. पाडताना बकेट रिकामी नसेल तर स्टॅकचं डिलीट फसतं, आधी ती रिकामी करा. केएमएस की लगेच जात नाही, किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत असते. हे दोन्ही मुद्दे परीक्षेतही कामी येतात.

काजवा
उंबरठा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सराव परीक्षेच्या गुणांत नाही, चुकांच्या वहीत आहे. ही वही पहिल्या आठवड्यापासून ठेवा, नवव्या आठवड्यापासून नव्हे.

प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला पाच रकाने. प्रश्नाचा गाभा एका ओळीत. मी काय निवडलं. ते मला बरोबर का वाटलं. कोणत्या शब्दाने उत्तर पालटतं. आणि चुकीचा प्रकार. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्नही चुकलेलाच धरायचा आणि वहीत घ्यायचा. सोडवताना प्रश्नाशेजारी 'खात्री' किंवा 'अंदाज' असं लिहीत गेलं की हे नंतर शोधावं लागत नाही.

प्रकार चारच.
क: माहितीच नव्हतं.
ख: दोन्ही गोष्टी माहीत होत्या, पण एकमेकींत गल्लत झाली.
ग: प्रश्न नीट वाचला नाही.
घ: वेळ संपत आला म्हणून घाई.

हे वर्गीकरण महत्त्वाचं, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. 'क' ला दस्तऐवज वाचायचा आणि कार्ड करायचं. 'ग' ला वाचन वाढवून काहीही उपयोग नाही, तिथे वाचायची पद्धत बदलायची: प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी, मग परिस्थिती. 'घ' ला वेळेचे टप्पे ठरवायचे.

सगळ्यांत जास्त गुण 'ख' खातं. कॉग्निटोचा यूजर पूल आणि आयडेंटिटी पूल: पहिला लॉगिन करून टोकन देतो, दुसरा त्या टोकनाच्या बदल्यात एडब्ल्यूएसची तात्पुरती श्रेयपत्रं देतो. मोबाइल ॲपमधून थेट एस३ वर लिहायचं असेल तर दुसरा लागतोच. रिझर्व्ह्ड कन्करन्सी आणि प्रोव्हिजन्ड कन्करन्सी (कन्करन्सी म्हणजे एकाच वेळी किती लॅम्डा चालतात ते): पहिली कमाल मर्यादा आणि राखीव जागा, दुसरी म्हणजे लॅम्डाच्या आधीच सुरू करून तयार ठेवलेल्या प्रती, दुसरी व्हर्जन किंवा एलियसवरच लागते, डॉलर-लेटेस्टवर लागत नाही. एक्स-रेमध्ये ॲनोटेशन आणि मेटाडेटा: ॲनोटेशनवर शोधता येतं, मेटाडेटावर येत नाही. सीक्रेट्स मॅनेजर आणि पॅरामीटर स्टोअर: आपोआप पासवर्ड फिरवायचा असेल तर पहिला. एसक्यूएसचा डिले आणि व्हिजिबिलिटी टाइमआउट: पहिला संदेश रांगेत आल्याआल्या लपवतो, दुसरा कोणीतरी उचलल्यावर.

अशा जोड्यांसाठी वहीत वेगळी पानं ठेवा. डाव्या बाजूला एक, उजवीकडे दुसरी, आणि मधोमध एकच वाक्य: "प्रश्नात अमुक शब्द आला की उजवीकडे." दोन्हींची पूर्ण माहिती तिथे लिहू नका, ती दस्तऐवजात आहेच. पान फक्त फरकाचं.

उंबरठा
काजवा, 'ख' प्रकार एकदम पटला. कार्डांबद्दल विचारायचं होतं. मर्यादांचे आकडे किती पाठ करावेत? कुठे कुठे २०० आकड्यांची यादी दिसते.

तिसरा_प्रहर
२०० नकोत. साधारण ५० पुरतात, आणि तेही वापरून झाल्यावर. माझी निवड अशी आहे.

लॅम्डा: कमाल वेळ १५ मिनिटं, मुळात ठेवलेला ३ सेकंद. मेमरी १२८ ते १०,२४० एमबी, आणि सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो. उघडलेलं पॅकेज २५० एमबी, कंटेनर इमेज १० जीबी, लेयर ५.
एसक्यूएस: व्हिजिबिलिटी टाइमआउट मुळात ३० सेकंद, कमाल १२ तास. संदेश राहतो मुळात ४ दिवस, कमाल १४. लाँग पोलिंग २० सेकंद, डिले १५ मिनिटं.
डायनॅमोडीबी: आयटम ४०० केबी, क्वेरी किंवा स्कॅनचं एक पान १ एमबी.
केएमएस: थेट एन्क्रिप्ट ४ केबीपर्यंतच, त्यापुढे डेटा की.
स्टेप फंक्शन्स: स्टँडर्ड १ वर्ष, एक्सप्रेस ५ मिनिटं.

आकड्यामागचं कारण कळलं तर तो टिकतो. केएमएसचे ४ केबी लक्षात ठेवण्यापेक्षा एन्व्हलप एन्क्रिप्शन का आहे ते समजून घ्या: मोठी फाइल केएमएसकडे पाठवायचीच नसते, डेटा की मागवून एन्क्रिप्शन आपल्याकडे होतं आणि फाइलशेजारी ती की कुलूपबंद स्वरूपात ठेवली जाते.

एक सावधगिरी. आकडे बदलतात. एसक्यूएस संदेशाची मर्यादा अनेक वर्षं २५६ केबी होती, ती २०२५ मध्ये १ एमबी झाली. एपीआय गेटवेची २९ सेकंदांची वेळ २०२४ पासून काही प्रकारच्या एपीआयसाठी वाढवून मागता येते. म्हणून कार्डावर आकड्याखाली तपासल्याची तारीख टाका. सी०२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्याआधीचं, सी०१ चं साहित्य कोणी दिलं तर ते मूळ कल्पनांपुरतं वापरा.

उजळणीचं अंतर १, ३, ७ आणि २१ दिवस. कार्ड चुकलं की पुन्हा पहिल्या दिवसावर.

सह्यकडा
इथे थोडा मतभेद नोंदवतो. सराव परीक्षा शेवटच्या दोन आठवड्यांतच ठेवायला माझा विरोध आहे. पहिल्याच रविवारी २० प्रश्नांचा अधिकृत मोफत संच सोडवा, काहीही येत नसताना. ७ बरोबर आले तरी चालेल. त्यातून प्रश्नाची भाषा कळते, आणि मग दस्तऐवज वाचताना नजर योग्य ठिकाणी थांबते. प्रश्न कधी 'अमुक सेवा म्हणजे काय' असा येत नाही. 'एका कंपनीचं ॲप असं असं वागतंय, कमीत कमी देखभालीत हे कसं सोडवाल' असा येतो.

तिसरा_प्रहर
मान्य, पहिल्या रविवारी तो संच घ्यायला हरकत नाही. पूर्ण ६५ प्रश्नांच्या परीक्षा मात्र शेवटीच. त्या मोजक्याच चांगल्या असतात, आणि एकदा पाहिलेली परीक्षा तीन आठवड्यांच्या आत पुन्हा दिली तर उत्तरं आठवतात, विषय नाही. १६ तासांत तीनच बसवा: परीक्षेला २ तास १० मिनिटं, तपासणीला ३ तास. तपासताना बरोबर आलेल्या प्रश्नांचेही उरलेले तीन पर्याय का चूक ते तोंडाने सांगायचं.

उंबरठा
डायनॅमोडीबीच्या क्षमतेचं गणित दर वेळी थोडं चुकतंय. सेकंदाला १० आयटम, प्रत्येकी ६ केबी, स्ट्राँगली कन्सिस्टंट वाचन (नेहमी ताजी नोंद देणारं). मी ६० भागिले ४ करून १५ काढले, उत्तर २० दिलंय.

ओंजळ
गोलाई आधी, गुणाकार नंतर. प्रत्येक आयटम स्वतंत्र मोजला जातो. वाचनाचं एक युनिट म्हणजे ४ केबीपर्यंतचं एक स्ट्राँग वाचन दर सेकंदाला. ६ केबीचा आयटम ४ च्या पटीत वर नेला की ८, म्हणजे २ युनिटं. दहा आयटम, २०. इव्हेंच्युअली कन्सिस्टंट (नोंद किंचित जुनी असू शकते) असेल तर निम्मी, १०. ट्रान्झॅक्शनमधलं वाचन असेल तर दुप्पट, ४०.

लिहिताना पट १ केबीचा. सेकंदाला ६ आयटम, प्रत्येकी ४.५ केबी: ४.५ चे ५, गुणिले ६, ३० युनिटं. ट्रान्झॅक्शन असेल तर ६०. लिहिण्यात स्ट्राँग-इव्हेंच्युअल असा भेद नाही, प्रश्नात तो शब्द टाकलेला असला तरी लक्ष देऊ नका.

एकाच क्वेरीने बरेच आयटम आले तर नियम वेगळा: तिथे सगळ्यांचा एकूण आकार घेऊन मग ४ केबीची गोलाई करतात. तुमची पद्धत तिथे बरोबर ठरली असती. गेट-आयटम (एकेक आयटम) की क्वेरी (एकदम बरेच), हे आधी बघा.

याच विषयातल्या तीन चुका वारंवार दिसतात. फिल्टर एक्स्प्रेशन लावलं की युनिटं वाचतात असं वाटतं. वाचत नाहीत, फिल्टर वाचून झाल्यावर लागतो. खर्च कमी करायचा तर की नीट निवडून क्वेरी करावी लागते, किंवा इंडेक्स. दुसरी: जीएसआयवर (ग्लोबल सेकंडरी इंडेक्स) स्ट्राँग वाचन मागणं, ते मिळतच नाही, एलएसआयवर (लोकल सेकंडरी इंडेक्स) मिळतं, पण एलएसआय टेबल बनवतानाच ठरवावा लागतो. तिसरी: मूळ टेबलाला भरपूर लेखनक्षमता असूनही थ्रॉटलिंग होतंय (विनंत्या अडवल्या जातायत). अशा वेळी जीएसआयची लेखनक्षमता बघा. ती कमी पडली की मागचा दाब मूळ टेबलावर येतो.

रोज पाच गणितं, चौथ्या आठवड्यात सहा दिवस. ३० गणितांत हात बसतो. आकडे स्वतःच बदलून घ्या, उत्तरं पडताळायला वरचे दोन नियम पुरेत.

पायवाट
ओंजळ यांच्या यादीला जोडून एसक्यूएस आणि लॅम्डाचं. प्रश्न असा येतो: रांगेतले काही संदेश दोनदा प्रक्रिया होतात, का? लॅम्डाचा टाइमआउट समजा ६० सेकंद आणि रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट ३० सेकंद. लॅम्डा काम करतंय तोवर संदेश पुन्हा दिसू लागतो आणि दुसरं लॅम्डा तो उचलतं. एडब्ल्यूएसचीच शिफारस आहे की व्हिजिबिलिटी टाइमआउट लॅम्डाच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवा, इथे ३६० सेकंद.

पुढचा पदर: दहा संदेशांच्या गठ्ठ्यात एक बिघडलेला असेल तर लॅम्डाने चूक फेकताच दहाच्या दहा परत येतात. फक्त बिघडलेला परत पाठवायला गठ्ठ्यातल्या अपयशांची यादी परत करण्याची सोय आहे, ती इव्हेंट सोर्स मॅपिंगमध्ये चालू करावी लागते. आणि डीएलक्यू (वारंवार फसलेल्या संदेशांची वेगळी रांग) लावायची ती मूळ रांगेवर. लॅम्डाच्या सेटिंगमध्येही डीएलक्यू दिसते, पण ती असिंक्रोनस हाकांसाठी आहे, एसक्यूएसमधून आलेल्या संदेशांना लागू पडत नाही. पर्यायांत दोन्ही शेजारीशेजारी देतात.

डिप्लॉयमेंटच्या आठवड्यासाठी एकच सांगतो, कारण बाकी सगळं प्रकल्पात होईल: कोडडिप्लॉयच्या हुकांचा (ठरलेल्या टप्प्यांवर चालणाऱ्या आपल्या कोडचा) क्रम ईसीटूसाठी वेगळा आणि लॅम्डासाठी वेगळा. ईसीटूला ॲप्लिकेशन-स्टॉप, बिफोर-इन्स्टॉल, आफ्टर-इन्स्टॉल, ॲप्लिकेशन-स्टार्ट, व्हॅलिडेट-सर्व्हिस. लॅम्डाला फक्त दोन, रहदारी वळवण्याआधी आणि वळवल्यानंतर. बीनस्टॉकच्या डिप्लॉयमेंटचे प्रकार टेबल करून पाठ करण्याऐवजी तीन प्रश्न विचारा: क्षमता घटते का, परत फिरायला किती वेळ, जादा सर्व्हरचे पैसे पडतात का. ऑल-ॲट-वन्समध्ये सेवा थांबते. रोलिंगमध्ये क्षमता घटते. जादा बॅचवाल्या रोलिंगमध्ये घटत नाही. इम्यूटेबलमध्ये नवा संच उभा राहतो, म्हणून परत फिरणं सोपं आणि खर्च जास्त.

ओंजळ
सुरक्षेच्या आठवड्यात अडकवणारी एक जागा: एस३ मधली वस्तू केएमएसने एन्क्रिप्ट आहे, रोलला वाचायची परवानगी आहे, तरी 'ॲक्सेस डिनाइड' येतो. केएमएसची डिक्रिप्ट परवानगी राहिलेली असते. मोठी फाइल मल्टिपार्टने (तुकड्यातुकड्यांनी) चढवतानाही डिक्रिप्ट लागते, चढवत असूनही. हे विचित्र वाटतं, म्हणून विचारतात. आणि स्पष्ट डिनाय कुठेही असला तर बाकीच्या सगळ्या अलाउंवर तो भारी पडतो, ही गोष्ट पहिल्या आठवड्यात मनात पक्की करा.

सह्यकडा
सराव प्रश्नांवरून आठवलं: टेलिग्रामवर फिरणारे 'खरे प्रश्न' घेऊ नका. उमेदवाराने मान्य केलेल्या करारात ते बसत नाही, निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्यांतली कित्येक उत्तरं चूक असतात, आणि चुकीचं उत्तर ठाम कारणासह पाठ झालं की ते पुसायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

काजवा
परीक्षेच्या दिवसाचं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे नक्की वाचावं: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजीतून परीक्षा देताना ३० मिनिटं जादा मिळतात. १३० ची १६० होतात, म्हणजे प्रश्नाला दोनऐवजी जवळपास अडीच मिनिटं. मात्र ही मागणी प्रमाणपत्र खात्यातून परीक्षा आरक्षित करण्याच्या आधी करायची. आरक्षण आधी झालं तर त्या परीक्षेला ती मिनिटं लागत नाहीत. एकदा मंजूर झाली की पुढच्या परीक्षांनाही चालते. यात कमीपणा नाही. प्रश्न पाच-सहा ओळींचे असतात.

दुसरी गोष्ट, खात्यातलं नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. लग्नानंतर आणखी वेगळी. खात्यातलं नाव ओळखपत्राशी जुळलंच पाहिजे. पासपोर्ट असेल तर त्यातल्या 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' या दोन ओळी जशाच्या तशा खात्यात भरा, आणि हे पहिल्या आठवड्यात करा. परीक्षेच्या सकाळी नाव दुरुस्त होत नाही.

घरून देणार असाल तर ज्या लॅपटॉपवर आणि ज्या वायफायवर परीक्षा द्यायची त्यावरच प्रणालीची चाचणी घ्या. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन आणि फायरवॉल आडवे येतात, तो टाळा. दुसरा मॉनिटर काढून ठेवा, टेबल मोकळं. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती सराव परीक्षेपासूनच मोडा, कॅमेऱ्यासमोर ओठ हलले तरी हटकतात. खोलीत कोणी आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते, घरात सगळ्यांना आदल्या दिवशी सांगा. वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा, फक्त लॅपटॉपची बॅटरी पुरत नाही. हे जमणार नसेल तर सरळ परीक्षा केंद्र घ्या.

वेळेचे टप्पे: ३० मिनिटं जादा मिळाली असतील तर ११० मिनिटांत पहिली फेरी. एका प्रश्नावर तीन मिनिटं झाली की सर्वांत बरं वाटणारं उत्तर निवडून, झेंडा लावून पुढे. उरलेल्या ५० मिनिटांत फक्त झेंडेवाले. झेंडा नसलेली उत्तरं बदलायला जाऊ नका.

उंबरठा
शुल्क १५० डॉलर आणि वर कर, म्हणून तारीख घ्यायची भीती वाटते. कधी आरक्षित करावी? आणि राहिलंच तर?

तिसरा_प्रहर
सहावा आठवडा संपताना. तारीख हातात नसली की सातवा आठवडा लांबतो, आणि डिप्लॉयमेंटचा विभाग तसाही लोकांना कोरडा वाटतो. २४ तास आधीपर्यंत तारीख बदलता येते, एका आरक्षणाला दोनदा. तेवढी मोकळीक पुरते. अनुत्तीर्ण झालात तर १४ दिवसांनी पुन्हा देता येते, शुल्क पुन्हा भरून. उत्तीर्ण झालात तर पुढच्या परीक्षेला निम्मी सवलत मिळते. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. निकाल लगेच पडद्यावर दिसला नाही तर घाबरू नका, पाच कामाचे दिवस लागू शकतात.

उंबरठा
शेवटचं. तिन्ही सराव परीक्षा झाल्यावर द्यायची की पुढे ढकलायची, हे गुणांवरून नाही तर वहीवरून कसं ठरवू?

काजवा
तिसऱ्या परीक्षेच्या चुका चार प्रकारांत मोजा. 'क' एकाच सेवेत गोळा झाले असतील, समजा सहा चुकांपैकी चार कोडडिप्लॉयच्या, तर ढकलू नका. दोन संध्याकाळी ती एक सेवा बसून संपवा. 'क' सगळीकडे विखुरलेले असतील आणि संख्येने दहाच्या वर असतील तर दोन आठवडे पुढे ढकला. 'ख' पाचच्या आत आले आणि पहिल्या परीक्षेतली एकही जोडी तिसऱ्यात पुन्हा चुकली नाही, तर द्या. तीच जोडी पुन्हा चुकली असेल तर वहीतलं ते पान बरोबर लिहिलेलं नाही. पान फाडा, शनिवारच्या प्रकल्पात ते दोन्ही पर्याय एकामागून एक लावून बघा, आणि जे दिसलं त्यावरून पान नव्याने लिहा.

उंबरठा
नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून टाकलं आणि जादा ३० मिनिटांची मागणीही आत्ताच केली. रविवारी २० प्रश्नांचा संच सोडवते, आणि चुकलेल्यांचे पाच रकाने भरून त्यातल्या 'ख' जोड्या इथेच टाकते.